विळ्या-पावाचं सख्य

मराठी माणूस भाकरी मोडतो, पोळीचा घास तोडतो, कांदा बुक्कीनं फोडतो, नारळ पायरीवर आपटतो, मेथी खुडतो, भेंडी चिरतो, सुपारी कातरतो आणि बर्फीच्या वड्या पाडतो. एवढी क्रियापदं पदरी बाळगणाऱ्या भाषेत घरी भाजलेल्या अख्ख्या पावाचं काय करायचं, याला मात्र मनासारखा शब्द नाही. 'कापायचा' म्हणावं, तर आपल्याकडे कापतात तो वाढदिवसाचा केक, उद्‌घाटनाची फीत आणि लोकलमधल्या गर्दीत दुसऱ्याचा खिसा.

हा भाषिक पेच मला पडला तो पवनानगरात, ओट्याशी उभा असताना. हातात सुरी, समोर स्वतः भाजलेला पाऊण किलोचा पाव, आणि मागे बायको, काही न बोलता. तिचं काही न बोलणं हे चांगलं ऐकू येतं.

निवृत्तीनंतर आम्ही चिंचवडचा फ्लॅट मुलीच्या हवाली केला आणि इथे दोन खोल्या बांधून राहायला आलो. चिंचवडात तीस वर्षं पवनेचं पाणी नळानं प्यायलो, आता म्हटलं धरणाच्याच उशाशी जाऊन राहावं. गावाला जुनी माणसं अजून काले कॉलनीच म्हणतात. शनिवार-रविवारी धरणाच्या काठाला तंबू उगवतात, शेगड्या पेटतात, पुण्यामुंबईची मंडळी रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सगळं कसं स्वच्छ शांत होतं (शांत होतं, स्वच्छ नाही). बाकी हा सगळा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी इथल्या खाचरांत असा काही रुजला, की लोकांना तो शिवकाळापासून असावा असं वाटतं. अशा गावात पाव भाजायला घेणं म्हणजे कोकणात जाऊन सफरचंदाची बाग लावण्यापैकीच.

पण निवृत्त माणसाला कुणी अडवत नाही. अडवायला लोकांना तो आधी दिसावा लागतो. मी मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले, यीस्ट आणलं, मुलीनं वापरून कंटाळलेला छोटा ओव्हन आणला आणि कामाला लागलो. पीठ मळण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव घरात होता, पण तो माझा नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांनी तटस्थ राहण्याचं धोरण स्वीकारलं होतं. "पवनाच्या प ला एक काना द्या," एवढंच ती म्हणाली, "आणि गावाचं नाव पावनानगर करून घ्या ग्रामपंचायतीकडून."

पहिला पाव फुगलाच नाही. पूर्वी विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकलेल्या असतात. त्या गोष्टीतला पाव पाण्यावर तरंगला असेल, माझा सरळ तळाला गेला असता. पवनेच्या पोटात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे, ते वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की दर्शन देतं. माझा पाव तिथे टाकला असता तर तो पुन्हा वर आला नसता. शेजारचे आबा तो हातात घेऊन, वजन तोलून म्हणाले, "सायेब, ह्याला आडकित्ता लागंल."

तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र जमलं. वरचं कवच तांबूस, खडखडीत, टिचकी मारली की पोकळ आवाज. आत जाळी. श्रावणातली सकाळ, बाहेर पाऊस, घरभर भाजल्याचा वास. असा पाव ओव्हनमधून निघाला की माणसाचा धीर सुटतो. मी घरातली सगळ्यात मोठी सुरी घेतली आणि दाबली.

जे झालं त्याचं वर्णन भूगोलाच्या भाषेतच करता येईल. आमच्या गच्चीतून चार किल्ले दिसतात. पहिली स्लाइस निघाली ती वर निमुळती आणि खाली जाड: तिकोना. दुसरी नुसताच सुळका: तुंग. तिसरी कापताना वरचं कवच आत घुसलं आणि पाव चांगला ऐसपैस सपाट झाला: विसापूर. शेवटी हातात राहिला त्या तुकड्याला एक लांबलचक शेपूट लोंबत होतं. लोहगडाचा विंचूकाटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

"छान झालाय," बायको म्हणाली. "कुठला गड आधी सर करू?"

यातली अर्धी चूक सुरीची नव्हती, घाईची होती. ओव्हनमधून निघालेल्या पावाच्या पोटात उकळीच्या जवळपासचं तापमान असतं. आतली वाफ कोंडलेली, पिठातला स्टार्च अजून ओला आणि चिकट. तो गार होता होता घट्ट होतो, म्हणजे पाव खरं तर ओव्हनबाहेर आल्यावरही शिजतच असतो. तास-दीड तास त्याला जाळीवर निवांत ठेवला नाही, तर जगातली कुठलीही सुरी आतला लगदा स्वतःच्या अंगाला फासून घेते. हे मला कळायला तीन पाव लागले, कारण आमचा तालुका चिक्कीचा. लोणावळ्यात चिक्कीचा गूळ-शेंगदाण्याचा गोळा पाटावर लाटतात आणि गरम आहे तोवरच त्यावर रेघा मारून काप पाडतात. गार झाली की चिक्की कुणाच्या बापाला ऐकत नाही. पावाचं उलट. एकाच मावळात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात, चाकूचे हे असे दोन धर्म आहेत आणि मी मधल्या गावात राहतो.

तर पुढचा पाव मी गार होऊ दिला. दीड तास त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. आणि मग विळीवर बसलो.

विळीवर माझा फार विश्वास. सुरीचं पातं हलतं आणि भाजी गप्प बसते. विळीचं पातं गप्प बसतं आणि भाजी आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत जाते. सुरी म्हणजे चढाई, विळी म्हणजे दरबार. कोबी, फणस, माशाचं डोकं, सगळ्यांनी वर्षानुवर्षं या दरबारात मान तुकवली आहे. पाव तुकवेना. त्याला दोन्ही हातांनी पुढे ढकलला की तो पात्यापाशी जाऊन थबकायचा, आणि मी मागून ढकलतोय म्हटल्यावर मधल्या मध्ये आखडायचा. लोकलच्या दारातल्या माणसासारखा. शेवटी जोर लावला तेव्हा कवच फुटलं, निम्मा पाव पलीकडे आणि निम्मा माझ्या मांडीवर. भुगा खवणीत. बायको स्वयंपाकघरात आली, तिनं विळी बघितली आणि म्हणाली, "उद्या एकादशी आहे. याच विळीवर काकडी चिरायची होती." त्यानंतर विळी माझ्या हद्दीबाहेर गेली ती गेलीच.

मग मला एका रात्री आठवलं, की आपल्या घरात पाव कापायच्या सुऱ्या आहेत. एक नाही, किमान वीस. केकच्या खोक्याबरोबर पांढरी प्लॅस्टिकची दातेरी सुरी फुकट येते, ती. कुठल्याही मराठी घरात ओट्याखालचा तिसरा खण उघडा. जुन्या मेणबत्त्या, रबरबँड, सॉसच्या पुड्या आणि त्यांच्यामध्ये या सुऱ्या. त्यांचा उपयोग काही नसतो, टाकवतही नाहीत, कारण 'कधी तरी लागेल'. आमच्याकडे तर नातीच्या पहिल्या वाढदिवसापासूनच्या आहेत, सुऱ्या मोजून तिचं वय सांगता येतं. मी सहावा वाढदिवस निवडला. पहिल्या इंचभर तिनं इतकी सुरेख कामगिरी केली की मी हाक मारून बायकोला बोलावलं. ती येईपर्यंत सुरीचं टोक पावात होतं आणि मूठ माझ्या हातात. पाचवाही तसाच गेला. चौथा जरा टिकला. जुना माल.

पण त्या इंचभरानं मला दृष्टी दिली. प्रश्न धारेचा नव्हता, दातांचा होता. पावाची रचनाच फसवी: बाहेर कौल, आत कापूस. गुळगुळीत पातं नुसतं दाबावं लागतं, आणि कौल फुटण्याइतका जोर लावेपर्यंत खालच्या कापसाची गादी होते. पात्याला दात असले की सगळा जोर दातांच्या टोकांवर एकवटतो, टोकं कवचात रुततात, आणि मग माणसानं दाबायचं नाही, नुसतं मागेपुढे ओढायचं. करवतीसारखं. पिकलेल्या टोमॅटोचंही हेच गणित आहे. पातं पावाच्या रुंदीपेक्षा चांगलं लांब हवं, म्हणजे ओढायला वाव राहतो. एवढं समजल्यावर मी आबांच्या सुतार भाच्याकडे करवत मागितली. त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी 'एक फळी आहे' असं सांगून टाकलं आणि मग करवत न घेताच परत आलो.

इथे मला आपल्या पूर्वजांचं शहाणपण लक्षात आलं. पाव महाराष्ट्रात आला, पण त्यानं आपल्या वळणावर यावं याची आपण पुरेपूर काळजी घेतली. लादी पाव बघा. आठ-दहा भाऊ एकमेकांना चिकटून भाजले जातात आणि घरी आणल्यावर ओढून वेगळे करायचे. सुरीचं कामच नाही. एकत्र कुटुंब, नंतर वाटण्या. गोव्यातल्या कात्रे पावाला कातरीचा काप असतो, पण तो भाजायच्या आधी कच्च्या पिठाला दिलेला. पुढे खाणारा मोकळा. वडापाववाला तेवढा सुरी चालवतो, तीही अशी की पाव पोटात उघडावा आणि पाठीला जोडलेला राहावा. कामशेत स्टेशनबाहेर मी हे उभं राहून बघितलं आहे. एका मिनिटात तो किती पाव उघडतो ते मोजायला गेलो आणि चटणी संपेपर्यंत आकडा चुकला. पण त्याचा पाव मऊ, काम एका फटक्याचं. माझ्या पावाला त्यानं हात लावला असता तर मागची रांग लोणावळ्यापर्यंत गेली असती.

अमेरिकेत मात्र लोकांनी या प्रश्नात आयुष्य घातलं. ऑटो रोहवेडर म्हणून एक जवाहिऱ्या होता. हिऱ्यामोत्यांचं सोडून या गृहस्थानं ब्रेड कापायचं यंत्र करायचं मनावर घेतलं. १९१७ मध्ये आग लागली आणि यंत्र, आराखडे सगळं जळून गेलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कापलेला ब्रेड वाळू नये म्हणून सगळ्या स्लाइसी पिनांनी एकत्र टोचून ठेवायचाही प्रयोग करून पाहिला. शेवटी ७ जुलै १९२८ ला मिसूरी राज्यातल्या चिलिकॉथी नावाच्या गावात त्याच्या यंत्रावर कापलेला ब्रेड पहिल्यांदा विकायला आला. पंधरा वर्षांत लोकांना त्याची इतकी सवय झाली, की १८ जानेवारी १९४३ ला युद्धामुळे सरकारनं कापीव ब्रेडवर बंदी घातली तेव्हा गृहिणींनी आकाशपाताळ एक केलं. कापलेल्या ब्रेडला गुंडाळायला जाड मेणकागद लागतो, तो वाचवायचा, असं सरकारचं म्हणणं. सात आठवड्यांत, ८ मार्चला, सरकारनं माघार घेतली. त्याच वर्षी इकडे मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं होतं. आपल्या आज्या रांगेत तांदूळ मिळेल का या विवंचनेत होत्या आणि तिकडे महासत्तेला सुरीनं पाव कापता येईना. मला फार बरं वाटलं. मी हे बायकोला वाचून दाखवलं. "त्या जवाहिऱ्याची बायको काय म्हणाली असेल?" एवढंच तिनं विचारलं.

मग पुण्याला जाऊन रविवार पेठेत, बोहरी आळीत, खरी ब्रेडची सुरी आणली. दुकानदारानं आधी "केकची ना? रिबन बांधून देऊ?" असं विचारलं, पण माल चोख दिला. दहा इंची पातं, लाकडी मूठ, टोकदार दातांऐवजी लाटांसारखे गोलसर दात. पुढचं वर्षभर मी सुखात होतो. एकसारख्या स्लाइसी, समोर धरल्या तर पलीकडचा तुंग दिसावा इतक्या पातळ. पाव आडवा पाडून कुशीवरून कापला की वरचं कवच पिचत नाही, ही युक्तीही मला याच काळात सापडली. पाहुण्यांना मी पाव कमी आणि कापून जास्त दाखवत असे.

आणि मग एक दिवस सायकलवर चाक फिरवत धारवाला आला.

मी घरी नव्हतो. बायकोनं विळी, दोन सुऱ्या आणि कातरी बाहेर काढली, आणि सद्‌हेतूनं, हे मी आजही मान्य करतो, ब्रेडची सुरीही दिली. धारवाला मन लावून काम करणारा माणूस. मी परतलो तेव्हा तो शेवटचा हात मारत होता. सुरी उन्हात तिरपी धरून, अंगठा फिरवून, त्यानं ती माझ्या हातात दिली आणि अभिमानानं म्हणाला, "किती खाचा पडल्या होत्या साहेब! सगळ्या काढून दिल्या. आता बघा, कशी सरळ झालीय."

वीस रुपये मी दिले. काय बोलणार? कामात कसूर नव्हती. सुरी इतकी लखलखीत आणि गुळगुळीत झाली होती की तीत मला माझा चेहरा दिसला.

दुसरी सुरी मुलीनं घरपोच मागवली. कुरिअरवाल्याचा फोन आला, "तुम्ही धरणाच्या कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, "पवनानगरच्या." तो म्हणाला, "म्हणजे कुठला कॅम्प?" असे चार दिवस फोन झाले आणि पाचव्या दिवशी 'ग्राहकानं घेण्यास नकार दिला' असा निरोप मुलीला गेला. तिला वाटलं, बाबा रागावले.

आबा हे सगळं बांधावरून बघत होते. दसरा उलटला होता, इंद्रायणी पिवळा पडायला लागला होता. माझ्या हातात गुळगुळीत सुरी आणि ओट्यावर पुन्हा एकदा विसापूर, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं. "दाती इळा घ्या की," ते म्हणाले.

"कसला विळा?"

"आवं, भाताचा."

घरी जाऊन त्यांनी आणला. कापणीसाठी नवा घेतलेला, कागदात गुंडाळलेला, कोरा. शेतकी पुस्तिकांत 'भाताची कापणी वैभव विळ्यानं जमिनीलगत करावी' असं छापलेलं असतं, तो वैभव विळा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला. हलका, बाकदार, आणि आतल्या कडेला करवतीसारखे बारीक दात. भाताचा बुडखा म्हणजे वर कडक साल, आत पोकळ. साध्या विळ्यानं झटका द्यावा लागतो, त्यात लोंब्यांतले दाणे झडतात. दातेरी विळा झटका मागत नाही. मुठीत चूड धरायची, विळा आपल्याकडे ओढायचा, संपलं. कडक साल आणि आत पोकळ: आबांनी माझ्या पावाचं निदान पहिल्या दिवशीच केलेलं होतं, मी विचारलं नव्हतं म्हणून ते बोलले नव्हते.

बायकोनं विळा आधी उकळत्या पाण्यात बुडवला. मी पाव कुशीवर ठेवला, डाव्या हातानं धरला आणि विळा त्याच्या कवेत घालून ओढला. 'खर्र' असा आवाज झाला. तीन-चार ओढी, आणि स्लाइस बाजूला पडली. भुगा चिमूटभर. पाव जसाच्या तसा, कुठे दबला नाही, दुखावला नाही. स्लाइस थोडी बाकदार येते, हे प्रामाणिकपणे सांगतो. बशीत ठेवली की किंचित डुलते. पण लोणी बरोबर मधल्या खोलगट भागात बसतं आणि ओघळत नाही, ही सोय बोहरी आळीच्या सुरीतही नव्हती. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणून आपण पिढ्यानपिढ्या विळ्याची बदनामी करत आलो. माझं म्हणणं, तो भोपळ्याचाच स्वभाव असणार.

दोन आठवडे आमच्या ओट्यावर विळा खुंटीला टांगलेला होता. तंबूतली एक पुण्याची मंडळी दूध विचारायला आली, त्यांनी फोटो काढला. 'गावाकडचा पारंपरिक ब्रेड विळा का?' असं त्यातल्या बाईंनी विचारलं. मी हो म्हणालो. आपल्या गावाचा इतिहास कुठून तरी सुरू व्हायला हवा.

दिवाळीनंतर एका सकाळी आबा दारात आले. "इळा द्या सायेब. कापणीला बाया आल्यात, एक कमी पडतोय."

मी विळा काढून दिला. त्यांनी दातांवरून अंगठा फिरवला, पात्याचा वास घेतला आणि नाक वर केलं. "लोणी?"

"धुतलाय," बायको आतून म्हणाली.

ओट्यावर रात्रीचा पाव होता. गार, कडक, अख्खा. मी त्याच्याकडे बघितलं, मग आबांच्या हातातल्या विळ्याकडे. आबांनी माझी नजर ओळखली. विळा कमरेला खोचला, पाव उचलला, भाकरी मोडावी तसे दोन्ही अंगठे त्याच्या पाठीत रोवले आणि तो मधोमध मोडला. आत जाळी शाबूत होती. मोठा अर्धा माझ्या हातात ठेवला, लहान स्वतःच्या टोपीत टाकला आणि बांधाला लागले.